वीराला उंबरा दाखवायला

अमेरिकेहून आल्यापासून गावातल्या बायका विचारतात, काय काय बघितलंस. मी तो मोठा धबधबा बघितला नाही आणि समुद्रातला पुतळाही बघितला नाही. माझा बहुतेक वेळ एका दगडाच्या काळजीत गेला. तेच लिहिते. ज्यांची पोरं तिकडं आहेत त्यांनी वाचावं, आणि देव्हाऱ्यातलं काही बॅगेत भरण्याआधी कुणा जाणत्याला विचारावं.

माझं गाव खानापूर तालुक्यात, हलशीजवळ. आमच्या शेताच्या बांधावर जांभळीखाली वीराचा दगड आहे, कमरेएवढा. त्यावर खाली गाई, वर ढाल-तलवार घेतलेला माणूस, गावाच्या गाई सोडवताना मेला म्हणतात. त्याच्या वरचा भाग मोडलेला आहे. मोडलेला तुकडा, नारळाएवढा, सासूच्याही आधीपासून आमच्या देव्हाऱ्यात आहे. त्यावर चंद्र-सूर्य, मधे पिंड आणि शेजारी हात जोडून बसलेला एक जण. तेल घालून घालून काळाकुट्ट झालेला. आमच्या घराण्याची रीत अशी, की नवं घर झालं की आधी वीरानं उंबरा ओलांडायचा, मग माणसांनी. त्याला भाकरी-गूळ ठेवायचा, तेल घालायचं. धाकट्या दिरानं बेळगावात घर बांधलं तेव्हा वीराला मांडीवर घेऊन एस.टी.तनं मीच गेले होते.

माझ्या मुलानं, संदीपनं, अमेरिकेत घर घेतलं. मग वीर न्यायचा, यात मला विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि हातातल्या पिशवीत ठेवला. मुंबईच्या विमानतळावर पिशवी यंत्रातनं गेली तेव्हा पोलीस बाईनं विचारलं, "आजी, हे जड काय आहे?" मी म्हटलं, "देव." तिनं जा म्हणून सांगितलं. मला धास्ती होती ती मसाल्याची आणि लोणच्याची. तिकडं उतरल्यावर साहेबानं लोणचं वास घेऊन बघितलं आणि परत दिलं. तिथंच मला वाटलं, झालं, काळजी संपली.

मॉरिसव्हिल

गाव म्हणायचं म्हणून म्हणायचं. एकसारखी घरं, एकसारखी झाडं आणि रस्त्यावर माणूस नाही. मी गेले तेव्हा पाइनच्या झाडांचा पिवळा पराग उडत होता. गाड्या, कठडे, पायऱ्या, सगळ्यावर हळद सांडल्यासारखं. जिकडंतिकडं आपली माणसं. पुण्याची, नागपूरची, तेलुगू तर विचारू नका. दुकानात कढीपत्ता मिळतो. घर मोठं आहे, पण त्याला उंबरा नाही. दाराखाली पत्र्याची एक पट्टी आहे.

"उंबरा कुठं आहे?" मी विचारलं.

"आई, हाच," संदीप म्हणाला.

मी वीराला त्या पट्टीवरनं आत नेलं. सुनेनं, प्राजक्तानं, कौतुकानं फोटो काढला. ती पुण्याची आहे, नोकरी करते, मनानं वाईट नाही. नात रेवा अकरा वर्षांची. ती म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ रॉक." मी म्हटलं, "तू पण आधी मांसाचा गोळाच होतीस." तिला ते अर्धं कळलं.

रविवारी ओळखीच्यांना जेवायला बोलावलं होतं. त्यात निनाद नावाचा नागपूरचा मुलगा होता. संदीपच्याच ऑफिसात आहे आणि सुट्टीच्या दिवशी इतिहासाची पुस्तकं वाचतो. देव स्वयंपाकघरातल्या सामानाच्या खोलीत फळीवर मांडले होते. तो पाणी घ्यायला गेला आणि तिथंच थांबला.

"काकू, हे कुठून आणलं?"

"शेतातनं."

"शेतातून म्हणजे?"

"शेत काय चार प्रकारचं असतं का? आमच्या शेतातनं."

त्यानं संदीपला आत बोलावलं. "यार, हा वीरगळ आहे. हलशी म्हणजे कदंबांची राजधानी. त्यांच्या काळातला असला तर आठ-नऊशे वर्षं जुना. असलं काही भारताबाहेर न्यायला बंदी आहे. तू चेक नाही केलं?"

"मला वाटलं पितळेचा बाळकृष्ण असेल," संदीप म्हणाला.

प्राजक्ता वड्यांचं ताट घेऊन उभी होती, तशीच राहिली. तिच्या भीतीचं कारण सांगायला हवं. त्या दोघांचं तिथं कायम राहायचं कार्ड अजून आलेलं नाही. अर्ज करून वर्षं झाली. तोवर नोकरी आहे तर तिथं राहता येतं, आणि कुठल्या भानगडीत नाव आलं की सगळं गेलं. कार्ड येईपर्यंत जोरात शिंकायचंसुद्धा नाही, असं ती म्हणते. आणि मी तिच्या घरात बंदी असलेला दगड आणून बसवला होता.

पाहुणे गेले. प्राजक्तानं मला भांड्यांना हात लावू दिला नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

सकाळी प्राजक्ता माझ्याजवळ येऊन बसली. "आई, भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत ना? माझ्या गणपतीचा हात मोडला तेव्हा तुम्हीच विसर्जन करायला लावलं होतं."

"तो विकत आणलेला होता."

"मागे तळं आहे. पाणी स्वच्छ आहे."

"त्यात ते पक्षी हगतात."

ती उठून गेली. संदीपचं वेगळंच. तो म्हणाला, एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकू, नीट ठेवतील. मी विचारलं, देताना आणला कसा ते सांगशील का. त्यानं गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

दुपारी सगळे बाहेर गेल्यावर मी पिशवी घेऊन तळ्यावर गेले. ते मोठे बदकासारखे पक्षी मान वर करून माझ्याकडं बघत होते. मी हात पिशवीत घातला होता. टाकला असता. मुलाचा संसार मोठा की दगड मोठा, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात कुत्रा घेऊन एक म्हातारा गोरा आला आणि हात वर करून "हॅलो" म्हणाला. तिथं अनोळखी माणसंही हॅलो म्हणतात. आपल्याकडं अनोळखी माणूस आधी कुणाकडं आलास ते विचारतो. मी पिशवी पदराखाली घेतली आणि चोरासारखी परत आले. मग मला माझाच राग आला. ज्याला सासूनं आयुष्यभर तेल घातलं त्याला मी पाखरांच्या घाणीत सोडणार होते.

रस्त्यात

निनादनं मार्ग सांगितला. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला त्याच्या ओळखीची मृणाल नावाची मुलगी आहे, कोल्हापूरची. तिथल्या विद्यापीठात दक्षिणेतल्या जुन्या राजघराण्यांवर अभ्यास करते. तिला दाखवा, ती सांगेल काय करायचं ते. आणि वाटेत एका मोठ्या शहराच्या संग्रहालयात असाच वीरगळ आहे, तोही बघा. रेवाला सुट्टी होती. गाडीनं निघालो. थालीपीठं, दही-भात आणि वीर.

त्यांचे रस्ते चांगले आहेत, पण बघायला काही नाही. झाडं, झाडं, आणि पुढच्या गाडीचा मागचा भाग. चहाला थांबायचं तर पेट्रोलपंपावर, आणि चहा म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पुरचुंडी. मी पिशवी मांडीवरनं खाली ठेवली नाही.

दुपारच्या सुमाराला मागनं निळे-लाल दिवे लागले. पोलीस. संदीपनं गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसला. हात खाली घ्यायचे नसतात म्हणे.

"आई, बॅग पायाशी ठेवा," प्राजक्ता ओठ न हलवता म्हणाली.

"पायाशी कशी ठेवू? देव आहे."

"आई, प्लीज."

मी ठेवली नाही. रुंद टोपीचा उंच पोलीस आला, संदीपशी बोलला, मग वाकून मागं माझ्याकडं बघत राहिला. त्यानं काहीतरी विचारलं. मी पिशवी दोन्ही हातांनी धरली. वाटलं, निनादनंच कुणाला सांगितलं असेल, किंवा त्या म्हाताऱ्यानं. रेवानं इंग्रजीत उत्तर दिलं. पोलिसानं मान हलवली, संदीपला गाडी हळू चालव म्हणून सांगितलं आणि निघून गेला.

"काय विचारलं गं त्यानं?" मी रेवाला विचारलं.

"ही आस्क्ड इफ यू आर ओके. यू लुक सिक, आजी."

संदीप हसायला लागला. प्राजक्ता हसली नाही. पुढं मला दही-भात गेला नाही.

संग्रहालयात

तिथं दारावर पिशव्या तपासतात. वीर आत न्यायची सोय नव्हती. उन्हात बंद गाडीत ठेवायला मी तयार नव्हते.

"तुम्ही जाऊन या," प्राजक्ता म्हणाली. "मी बसते बाहेर."

ज्या सुनेला तो तळ्यात बुडवायचा होता तिच्याच मांडीवर ठेवून मी आत गेले. दुसरा इलाजच नव्हता. जिने चढताना तीनदा मागं वळून बघितलं.

आत देवच देव. विष्णू, पार्वती, बुद्ध, सगळे आपापल्या चौथऱ्यावर, वरनं दिवे सोडलेले. इतकं थंड की मी पदर अंगभर घेतला. लोक कुजबुजत बोलतात, हात मागं बांधून चालतात, आणि कुणी पाया पडत नाही. आपल्याकडं देवळात ढकलाढकली असते, पण देवाला आपण कंटाळा तरी आणत नाही.

वीरगळ कोपऱ्यात होता, अख्खा. खाली गाई आणि लढणारा, मधे त्याला उचलून नेणाऱ्या दोन बायका, वर पिंड, चंद्र, सूर्य. आमच्यासारखाच, पण कोरडा. पांढुरका पडलेला, नदीतलं पाणी आटल्यावर दगड दिसतात तसा. त्याला कुणी थेंबभर तेल घातलेलं नव्हतं.

"पाटीवर काय लिहिलंय?" मी विचारलं.

संदीपनं वाचून सांगितलं. वीराचा दगड, कर्नाटक, अंदाजे बारावं शतक, अमुक एकानं भेट दिला.

"गाव?"

"गाव नाही लिहिलंय."

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. गाव नव्हतं. मी म्हटलं, "ज्या गावाच्या गाई सोडवताना मेला, तेवढंच लिहिलं नाही होय." संदीपनं पाटीवरनं परत एकदा नजर फिरवली. आपण आपला वीर असल्याच संग्रहालयाला द्यायचं म्हणत होतो, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्यानंतर त्यानं संग्रहालयाचं नाव काढलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा प्राजक्ता बाकावर तशीच बसलेली होती. पिशवीवर ऊन येत होतं म्हणून तिनं गळ्यातली ओढणी काढून तिच्यावर टाकली होती. मी बघितलं ते तिनं बघितलं. "गरम व्हायला लागला होता," ती म्हणाली आणि ओढणी परत घेतली.

पिस्कॅटवे

मृणालची खोली लहान, तिघी मिळून राहतात. पुस्तकं जमिनीवर, भांडी मोरीत. तिनं आमटी-भात केला होता. आमटीला चव नव्हती, पण भूक होती. मला आजी म्हणत होती. मी वीर तिच्या टेबलावर ठेवला तेव्हा तिनं आधी हात धुतले. ते मला आवडलं.

तिनं बराच वेळ बघितलं. मग आम्हाला सांगत बसली. आमच्या हलशीला पूर्वी पलाशिका म्हणत. तिथं आधी बनवासीचे कदंब, मग बऱ्याच काळानं गोव्याचे कदंब. देगावचं देऊळ त्यांच्या राणीनं, कमलादेवीनं, बांधलेलं. बेळगावात रट्टांचं राज्य, आणि कदंब-रट्टांची बेळगावसाठी मारामारी. नंतर देवगिरीच्या यादवांनी रट्टांना संपवलं. मी त्या देगावच्या देवळात कितीदा जाऊन आले, सावलीत बसून डबा खाल्ला, पण राणीचं नाव कधी ऐकलं नव्हतं. आम्ही चौथीपर्यंत शिकलो ते शिवाजीमहाराजांपासून. त्याच्या आधी आमच्या गावात कुणी राहत होतं की नाही याची मास्तरांनी चौकशी केली नव्हती.

"आणि हा त्यातल्या कुठल्या राजाचा?" मी विचारलं.

"राजाचा नाही आजी. राजे भांडायचे, गाई पळवून न्यायचे. त्या सोडवायला जो गावातला मेला, त्याचा दगड. कदंबांचा काळ असेल, नंतरचाही असेल. नुसतं बघून मी सांगणार नाही."

"निनाद तर आठ-नऊशे वर्षं म्हणाला."

"निनादला सगळंच आठ-नऊशे वर्षांचं वाटतं."

मग तिनं बोट ठेवून दाखवलं. वीरगळात खाली लढाई असते, मधे अप्सरा त्याला नेतात, आणि सगळ्यात वर कैलास. "तुमच्याकडे आहे तो फक्त कैलास. तुम्ही स्वर्ग तेवढा अमेरिकेत आणलात. माणूस शेतातच राहिलाय."

संदीप खिडकीकडं बघत बसला. प्राजक्तानं सरळ विचारलं, "मृणाल, आम्ही याचं काय करू? आमचं कार्ड जाईल का?"

"कार्डाचं मला कळत नाही, ते वकिलाला विचारा. दगडाचं सांगते. हा परत जायला हवा, आणि लपवून नाही. आजी, कुणी विचारलं तर खरं सांगायचं. इथं विकत घेतला, बाजारातला आहे, असलं काही नाही. मुंबईत उतरल्यावर स्वतः जाऊन सांगायचं. गावी गेल्यावर पुरातत्त्व खात्याच्या माणसाला दाखवायचा."

"धरून ठेवलं तर?"

"ठेवतील थोडा वेळ. बसायला खुर्ची मागा."

वकिलानंही फोनवर तेच सांगितलं, खुर्चीचं सोडून.

परत

माझं तिकीट महिन्यानंतरचं होतं. ते अलीकडं घेतलं. प्राजक्तानं "राहा" म्हटलं, पण दोनदा म्हटलं नाही, आणि मी तिच्यावर रागावले नाही. जायच्या आदल्या दिवशी रेवानं माझ्याकडनं इंग्रजी वाक्य पाठ करून घेतलं. हा माझ्या शेतातला दगड आहे, मी तो परत नेते आहे. मी ते भाकऱ्या थापताना म्हणत होते.

तिथल्या विमानतळावर पिशवी बाजूला काढलीच. एका धिप्पाड बाईनं लुगडं सोडलं, वीराला कापडाची पट्टी घासली आणि ती पट्टी एका यंत्रात घातली. तेलानं पट्टी काळी झाली. बॉम्ब असला तर ते यंत्र ओरडतं म्हणे. यंत्र गप्प राहिलं. मी वाक्य म्हटलं. तिला कळलं नाही. परत म्हटलं. ती शेजारच्या माणसाला काहीतरी म्हणाली, दोघं हसले, आणि तिनं लुगडं माझ्यापेक्षा नीट गुंडाळून दिलं.

मुंबईत मी स्वतः जाऊन सांगितलं. तिथला तरुण साहेब म्हणाला, "आजी, लोक सोनं लपवून आणतात आणि तुम्ही दगड दाखवायला आलात?"

"नेताना सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "म्हणून येताना सांगते. आणि मला खुर्ची द्या."

खुर्ची दिली, चहाही दिला. मग मोठा साहेब आला, मग त्याच्या वरचा. फोटो काढले, गावी माझ्याजवळ राहणाऱ्या पुतण्याचा फोन नंबर घेतला. मी नुसती मनात म्हणत होते, मला काय करायचं ते करा, संदीपचं नाव विचारू नका. विचारलं. मी सांगितलं, खोटं कुठं बोलणार. शेवटी, गावी गेल्यावर लगेच पुरातत्त्वच्या माणसाला दाखवा, न दाखवाल तर आम्ही येऊ, असं सांगून सोडलं.

गावी आल्यावर पुतण्यानं कळवलं, आणि पुरातत्त्व खात्याचा माणूस आठवड्यानं आला. मी वीर घेऊन बांधावर गेले. त्यानं ओल्या फडक्यानं तुकडा पुसला, पुसतच राहिला. इतक्या वर्षांचं तेल निघालं आणि खालनं दगड हिरवट निघाला. आमचा बांधावरचा काळा आहे. त्यानं तुकडा उचलून मोडल्या जागी धरला. बसला नाही. फिरवून धरला, तरी बसला नाही. आमच्या दगडाची मोड तिरकी, याची सरळ. सासूच्या आधीपासून कुणी एकदाही लावून बघितला नव्हता.

"हा याचा नाही, आजी," तो म्हणाला. "आसपास अजून मोडके वीरगळ आहेत का?"

आहेत. तळ्याकाठी आहेत, मारुतीमागं आहेत, एक तर कपडे धुवायचा दगड झालाय. तो म्हणाला, परत येऊन सगळ्यांना लावून बघू, तोवर इथून हलवू नका. तुकडा जांभळीखाली आमच्या वीराच्या पायाशी ठेवला.

संध्याकाळी संदीपचा फोन आला. मी घाबरत उचलला. कार्ड अजून आलेलं नाही. मुंबईच्या साहेबानं विचारलं ते पुढं कुठं गेलं का, कुणाला ठाऊक.

"वीर पोचला का?" त्यानं विचारलं.

"पोचला."

"बसला का?"

"नाही बसला. तो आपला नाहीच. दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

तिकडं सकाळ होती. मागं प्राजक्ता रेवाला नाश्त्याला हाक मारत होती.

"मग आई, आपण इतकी वर्षं तेल कुणाला घालत होतो?"

"जो होता त्याला."

"आणि माझ्या घरात आधी गेला तो कोण?"

"तोच. त्याला तरी कुठं माहीत होतं आपण कोण. तरी आला ना पट्टी ओलांडून."

तो हसल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "ठेव आता. दिवस बुडायला लागलाय. मला बांधावर जायचंय. आता दोघांना तेल घालायचं आहे."